धाकट्या तुकड्यातले लाल दोरे

१२ जून

चि. किडू,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले होते, पण पेन सापडेना. तुझा मामा म्हणतो, "आई, फोन कर की सरळ." फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भरभर बोलतेस. शिवाय तूच म्हणालीस ना, दर पंधरा दिवसांनी शेतातली माती डब्यांत भरून तुझ्या प्रयोगशाळेला दूधगाडीतून पाठवायची, त्यातच एक चिठ्ठी टाक म्हणून. आता मी दोन इयत्ता शिकलेली बाई. चिठ्ठी कुठं संपते आणि पत्र कुठं सुरू होतं ते मला कळत नाही. हात सुटला की सुटला.

तर आपल्या भातशेतातले तुझे तिन्ही तुकडे ठीक आहेत. तू पाट्यांवर एक, दोन, तीन लिहून गेलीस, पण ते आकडे माझ्या डोक्यात राहीनात. परवा दोनमध्ये उभी राहून मी तीनची वही भरत होते. म्हणून मी त्यांना नावं ठेवली. पहिला तो थोरला, चिखल करून हातानं रोप लावलेला, त्याचं तण हातानंच काढायचं. दुसरा मधला. त्यात रोपं ओळीनं आणि लांब लांब, तण काढायला मधून ते दातेरी चाकाचं यंत्र ढकलायचं. आणि तिसरा धाकटा. त्याला बिचाऱ्याला लावणीही नाही, मोड आलेलं बी सरळ ओल्या चिखलावर सोडलं आणि पुढं त्याला तणनाशक पाजायचं. नावं ठेवल्यापासून माझी एकही चूक झाली नाही बघ.

जुन्या चादरीचे चौकोन तू सांगितलेस तसे कापून प्रत्येक तुकड्यात पाच पाच पुरले. वर काड्या रोवल्या. शेजारची रेडिओ बांधावर उभी होती. (तिला रेडिओ म्हणायला तुझ्या मामानं सुरुवात केली, आता तिचा नवरासुद्धा म्हणतो.) ती विचारते, "अहो, हे काय पुरताय?"

मी म्हटलं, "चादर."

"का?"

"कुजते का बघायला."

संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं होतं की म्हातारी शेतात चादरी पुरते, तिच्याकडं लक्ष ठेवा. दूधगाडीवालाही डबे घेताना जरा लांबूनच घेत होता. मी त्याला समजावलं की जमिनीत जीव असले तर ते सुती कापड खाऊन टाकतात, आणि जितकी भोकं जास्त तितकी जमीन जिवंत. तर तो म्हणतो, "मग आमच्या घरातलं कपाट फारच जिवंत आहे."

पहिली मोजणी सोबत आहे. डबाभर चिखल चाळणीत धुवायचा आणि ते लाल दोऱ्यासारखे किडे मोजायचे. थोरला तीस, मधला अठ्ठावीस, धाकटा एकतीस. म्हणजे सुरुवातीला तिघंही सारखेच. मला फार मजा आली गं. सत्तर वर्षं या चिखलात उभी आहे, पण पायाखाली कोण राहतं ते कधी वाकून बघितलं नव्हतं. आमची पिठाची चाळणी मात्र गेली ती गेलीच. सुनेला अजून सांगितलेलं नाही.

तुझी आजी

१७ जून

प्रिय आजी,

डबे पोचले, बर्फ अजून शिल्लक होता. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईसुद्धा हसल्या. त्या सहसा हसत नाहीत. आता इथं सगळे माझ्या कागदांवरही थोरला, मधला, धाकटा असंच म्हणायला लागलेत. आणि तू जाहीरपणे किडू लिहिल्यामुळं, मी लहानपणी काडेपेटीत किडे भरून उशाखाली ठेवत होते हेही सगळ्यांना कळलं. आभारी आहे.

तुझे लाल दोरे चिखलात डोकं खाली आणि शेपूट वर करून राहतात. चिखल खातात, वर टाकतात, त्यानं माती हलती राहते आणि रोपाला अन्न मिळतं. डोळ्यांना न दिसणारे जीव तर चिमूटभर मातीत कोटींनी असतात, ते मी इथं मोजते. तू दिसणारे मोज, मी न दिसणारे.

एक महत्त्वाचं. हा माझ्या स्वतःच्या नावावरचा पहिला अहवाल आहे. आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या अहवालातली मोजणी करत होते. आमच्या संशोधन केंद्रातही असेच तीन तुकडे आहेत, पण बाई म्हणतात, केंद्रातली शेती ही पाळलेली शेती, खरं काय ते लोकांच्या शेतात कळतं. म्हणून तुझे आकडे माझ्यासाठी मोलाचे. वहीतला प्रत्येक रकाना भर: तारीख, पाणी किती बोटं, किडे किती, कापडाला भोकं किती.

चाळणी मी नवी पाठवते. मामीला तोवर सांगू नकोस.

किडू

९ जुलै

चि. किडू,

चाळणी मिळाली, पण उशीर झाला. सुनेनं जुनी चाळणी पिठाच्या डब्यात बघितली. त्यात एक दोरा अडकला होता. पुढचं मी लिहीत नाही.

आता मोजणी सांगते, आणि वाईट वाटतंय ते आधी सांगते. सव्वीस जूनला मामानं धाकट्याला तणनाशक मारलं. तू सांगितलंस तेवढंच, मापानं, वारा नसताना. मी बांधावर उभी होते. आठ दिवसांत तण पिवळं पडलं आणि खाली बसलं. मामा खूश. तो म्हणतो, "आई, बघ. चार बायका दोन दिवस वाकल्या असत्या, ते मी चहा निवायच्या आत केलं." आणि त्याचंही खोटं नाही गं. लावणीला, निंदणीला कोणी येत नाही आता. त्याच्या कमरेचा पट्टा बघितलास ना तू? झोपतानाच काढतो तो. मी त्याला काय बोलणार? माझी कंबर या निंदणीतच गेली, ती कोणी परत आणून दिली नाही.

पण आज मोजायला बसले. थोरला तेहतीस. मधला एक्केचाळीस, तिथं ते चाक फिरतं ना, चिखल उलथतो, वारा लागतो, बहुतेक त्यानंच. आणि धाकटा पाच. मला वाटलं चाळणीतून गेले. परत डबा भरला. सहा. तिसऱ्यांदा भरला, परत पाच.

मग कापडं काढली. थोरल्यातलं कापड हातात घेतलं तर मासे धरायच्या जाळ्यासारखं. मधल्यातलं काढतानाच फाटलं. धाकट्यातलं धुतलं तर अंथरायला चाललं असतं. तेवढं कोरं. मी ते धरून उभीच राहिले. रेडिओनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धाकटा काही खात नाही."

ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवलंत का?" तिला वाटलं, आमच्याकडं कोणी पाहुणे आलेत.

तू म्हणशील, म्हातारी मातीवर माया करते. पण तिघांना एकाच वेळी पाणी दिलं, तिघं एकाच पाटाचे, आणि दोघं धडधाकट आणि एकाचं असं. आई असलेल्या बाईला हे बघवत नाही. आता त्याला किती दिवस असंच ठेवायचं?

तुझी आजी

१४ जुलै

प्रिय आजी,

घाबरू नकोस, हे असंच होणार होतं. तणनाशकानं तण मरतं, तसे मातीतले काही जीवही मरतात, आणि तणाच्या मुळांवर जगणारे उपाशी पडतात. आमच्या केंद्रातल्या धाकट्यातही सहाच दोरे निघाले. प्रश्न हा आहे की ते परत येतात का, आणि किती दिवसांनी. माझा सगळा अहवाल याच एका प्रश्नावर उभा आहे. लवकर परत आले तर मामासारख्या कंबर गेलेल्या माणसाला मी बिनधास्त सांगू शकते की मार फवारा. नाही आले तर ते सांगायला हवं.

तेव्हा तू फक्त मोजत राहा. आणि मामाच्या कमरेला शेक दे.

तुझं "धाकटा काही खात नाही" बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलंय.

किडू

८ ऑगस्ट

चि. किडू,

पेढे वाट! धाकटा उठला! चोवीस जुलैच्या मोजणीत चौदा होते ते मी डब्यात पाठवलेच, आज सत्तावीस! सत्तावीस गं! थोरल्यात चौतीस, मधल्यात चव्वेचाळीस, आणि आमचं पोरगं सत्तावीस. मी बांधावर बसून तीनदा मोजले. कापडालाही भोकं पडली, छान, मोठी मोठी, बोट जाईल अशी. एक कापड तर असं झालंय की मी ते रेडिओच्या तोंडासमोर धरलं आणि त्यातून तिच्याकडं बघितलं.

मी मामाला हाक मारली, "अरे बघ, बघ!"

तो म्हणतो, "किडे झाले म्हणून एवढी खूश झालेली बाई मी आयुष्यात बघितली नाही."

मी म्हटलं, "तू झालास तेव्हाही मी अशीच खूश होते."

सुनेनं हे ऐकलं आणि ती तिथंच खाली बसून हसली. चाळणीचं सगळं विसरली म्हण ना.

माझी तब्येत छान. उलट सकाळचं शेतात जाणं-येणं, बादली उचलणं यानं भूक चांगली लागते. तुझी वही संपत आली, रकाने मी एकही रिकामा सोडला नाही. अक्षर वाकडं आहे पण आकडे सरळ आहेत. नवी वही पाठव. त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, फळ्यावरचं ते पुसा आता. खातो तो.

तुझी आजी

१३ ऑगस्ट

प्रिय आजी,

बाईंनी पुसलं. त्या जागी मोठ्या अक्षरात "२७" लिहिलंय.

तुला कळतंय का हे काय झालंय? केंद्रातल्या धाकट्यात अजून फक्त नऊ दोरे आहेत. मी घाबरले होते. पण तुझ्या मातीत सत्तावीस, आणि मी इथं मोजलेले न दिसणारे जीवही तुझ्या धाकट्यात थोरल्याच्या जवळपास आलेत. बाई म्हणाल्या, "हेच मी सांगत होते. पाळलेल्या जमिनीत ताकद नसते. खऱ्या शेतातली माती आपली आपण सावरते." मी दोन दिवस आकडे उलटसुलट करून बघितले. माझाही तोच निष्कर्ष आला.

अहवाल लिहून झाला. पाच सप्टेंबरला मोठी बैठक आहे, तिथं मी तो उभी राहून वाचणार. आणि ऐक, कृषी कार्यालयानं आधीच बाईंकडून सारांश मागून घेतलाय. ते शेतकऱ्यांसाठी एक पानाचं पत्रक छापणार आहेत, खाली माझं नाव! फवारणीनंतर दीड महिन्यात जमीन आपोआप पूर्ववत होते, असं. मामाला सांग, त्याच्या कमरेचं काम झालं.

खरं तर हे सगळं तुझं आहे. तू मोजलं नसतंस तर मी नऊ लिहून बसले असते.

किडू

१६ ऑगस्ट

चि. किडू,

पत्र मिळालं. इथं सर्व ठीक. पाऊस बेताचा. नवी वही पोचली. डबे नेहमीसारखे पाठवलेत.

"आपोआप" म्हणजे अगदी आपोआप असंच लिहिलंयस का गं? सहज विचारते.

आजी

१९ ऑगस्ट

प्रिय आजी,

पाच ओळींचं पत्र? तुझं? मी पाकीट उलटं करून झटकलं, वाटलं उरलेली पानं आत चिकटली असतील. बरं नाही का तुला? गुडघे? की मामीशी परत चाळणीवरून वाजलं? मी मामाला फोन केला तर तो म्हणाला, ती बोलत नाही, नुसती बांधावर बसते. मी येऊ का? बैठक झाली की चार दिवस रजा घेते.

हो, अगदी आपोआप असंच लिहिलंय. तोच तर मुद्दा. पत्रकाचा कच्चा नमुना सोबत पाठवतेय, मामाला वाचून दाखवायला सांग. पंचवीस तारखेला छापायला जाणार, सगळीकडं वाटणार आहेत. त्यात खाली माझं नाव बघून तरी तुला बरं वाटेल.

काळजी घे. डॉक्टरला दाखव.

किडू

२२ ऑगस्ट

चि. किडू,

डॉक्टरला दाखवायचं काही नाही. हे पत्र दूधगाडीवाल्याला मी स्वतः हातात देणार आहे आणि त्याला सांगणार आहे की वाटेत कुठं थांबायचं नाही, दूध नासलं तरी चालेल.

काल मामानं तुझं पत्रक मोठ्यानं वाचलं. "फवारणीनंतर दीड महिन्यात जमिनीतील जीव आपोआप पूर्ववत होतात. आवश्यकता वाटल्यास त्याच हंगामात दुसरी फवारणी करण्यास हरकत नाही." खाली तुझं नाव. मामा पत्रक घडी करून खिशात घालतो आणि म्हणतो, "झालं तर! पंप काढतो आत्ता. धाकट्यालाच काय, खालच्या सगळ्या शेताला मारतो. आपल्याच पोरीनं लिहिलंय." आणि पंप शोधायला गेला. मी तिथंच बसून राहिले, हातातला चहा गार झाला.

आता सांगते. जुलैत त्याचे पाच दोरे निघाले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी थोरल्यातला एक बादली चिखल काढून धाकट्यात टाकत होते. रोज एक. सत्तावीस निघाले तोवर एकोणतीस दिवस, आणि पुढंही कालपर्यंत. मधल्याचाही मधून मधून. दूध नुसतं ठेवलं तर त्याचं दही होत नाही, चमचाभर जुनं दही आत घालावं लागतं, मग ते दूध आपलं आपण धरतं. मी म्हटलं, त्याच्याकडं बी-बियाणं राहिलं नाही जिवांचं, भावांकडचं थोडं देऊ. ते वाढतील. आणि वाढले गं! तेवढी माझी अक्कल खरी ठरली, पण तू म्हणतेस तसं आपोआप काही झालं नाही.

आणखी एक राहिलं. पेरलेलं बी जिथं उगवलं नव्हतं, तिथं मोकळं दिसत होतं. तिथं मी थोरल्यातली रोपं मुळांच्या गोळ्यासकट आणून लावली. पंचवीस-तीस असतील. मोकळी जागा बघवत नाही मला, तोंडात पुढचा दात नसल्यासारखी दिसते.

तुला सांगितलं का नाही विचारशील. शपथेवर सांगते, लपवायचं म्हणून नाही. वहीत रकाना नव्हता. तारीख, पाणी, किडे, भोकं. यात बादली कुठं लिहू? मला वाटलं, हे घरातलं काम आहे, प्रयोगातलं नाही. आजारी माणसाला पेज दिली तर ती कोणी डॉक्टरच्या कागदावर लिहितं का? तुझं तेरा तारखेचं पत्र वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तू लिहिलं होतंस, तू मोजलं नसतंस तर मी नऊ लिहून बसले असते. नऊच खरं होतं गं. केंद्रात कोणी बादल्या टाकणारी म्हातारी नव्हती.

तेव्हाच लिहायचं होतं. लिहिलं नाही. तू फळ्याचं लिहिलं होतंस, बैठकीचं लिहिलं होतंस, माझा हात धजेना. म्हणून पाच ओळी. ते मात्र लपवणंच झालं, ते मी कबूल करते.

काल पंप घेऊन मामा आला तेव्हा आधी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू चिखल टाकत होतीस? मला वाटलं, बांध लिंपतेस!" मग खाली बसला. बराच वेळ पंपाची नळी गुंडाळत बसला. मग म्हणतो, "आई, नको सांगूस. कोणाला कळतंय? पोरीचं पहिल्यांदा नाव होतंय."

मी म्हटलं, "नाव होतंय म्हणूनच सांगायचं. लोक तिचं नाव वाचून दोनदोनदा फवारतील. त्यांच्या शेतात बादली कोण टाकणार आहे?"

तो म्हणाला, "ती तुझ्याशी बोलायची नाही."

मी म्हटलं, "नाही बोलली तर नाही. मी तिला लिहीन."

पंप त्यानं परत ठेवला. पत्रक खिशातून काढून माझ्याजवळ दिलं. ते सोबत परत पाठवते. आज मी बादली टाकली नाही. तुझी बैठक पाचला आहे, छापणं पंचवीसला आहे, आज बावीस. वेळेत पोचेल.

रागव, पण पत्रातून रागव. फोनवर मला ऐकू येत नाही.

तुझी आजी

३ सप्टेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र तेवीसला पोचलं. दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण त्यातले पहिले दोन मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते आणि उरलेले अहवाल परत लिहीत होते. एकदा तर बसमध्ये मोठ्यानं "एकोणतीस बादल्या!" म्हणाले आणि शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

पण भांडण संपायची वाट न बघता तेवीसलाच बाईंकडं गेले. तेवढा शहाणपणा होता. पत्रक थांबवलं. त्यांना तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं, दह्यासकट. मी वाट बघत होते की त्या आता तुझ्यावर चिडतील. त्यांनी विचारलं, "वही कोणी केली होती?"

मी म्हटलं, "मी."

"आणखी काय केलं, असं विचारणारा रकाना होता?"

"नाही."

"आजींना सांगितलं होतंस, तिसऱ्या तुकड्यात कशालाही हात लावायचा नाही?"

मी तुला लिहिलेली पत्रं आठवली. "तू फक्त मोजत राहा" एवढंच लिहिलं होतं मी. तू मोजतच होतीस. बाई म्हणाल्या, "आणि केंद्रात नऊ असताना तिकडं सत्तावीस आले, तेव्हा तू विचारलंस का, का म्हणून? नाही. आपल्याला हवं ते आलं की आपण विचारत नाही. मीही नाही विचारलं." मग फळ्यावरचा २७ त्यांनी स्वतः पुसला.

अहवालातून धाकटा काढून टाकलाय. थोरला आणि मधला राहिलेत, आणि चाकाच्या यंत्रानं जीव वाढतात तेवढं त्यात आहे. एवढ्यावर बैठकीत उभं राहता येत नाही, तेव्हा यंदा मी खाली बसून दुसऱ्यांचं ऐकणार. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण ते पत्रक छापून गेलं असतं आणि पुढच्या वर्षी कोणी माझं नाव घेऊन माझ्याकडं मेलेली माती घेऊन आलं असतं, तर मी काय केलं असतं?

पुढच्या हंगामात परत. तुझ्याच शेतात, जर तू आणि मामा देणार असाल तर. धाकटा नव्या जागी, आणि कोणाच्याही आजीनं त्याला हात लावायचा नाही. बादलीचा प्रयोग करायचा तर तो वेगळा तुकडा, बादल्या मोजून, पण तो नंतर. आधी एकट्याला किती दिवस लागतात ते बघू.

मी रागावले होते. आता नाही. गुडघ्यांना तेल लाव.

किडू

२६ जुलै, पुढचं वर्ष

चि. किडू,

तीस दिवस झाले फवारून. डबे सोबत आहेत.

नव्या वहीत "आणखी काय केलं" हा शेवटचा रकाना तू फारच बारीक ठेवलास, त्यात माझं मावत नाही. म्हणून मी मागच्या पानावर जाते. सोमवारी धाकट्याच्या बांधावर बसले, हात मांडीखाली ठेवले. मंगळवारी एक मोकळी जागा दिसली, बघून परत आले. बुधवारी रेडिओची कोंबडी धाकट्यात शिरली होती, तिला हाकललं, आत पाय टाकला नाही, बांधावरून ढेकूळ मारलं. ढेकूळ आत पडलं. म्हणून लिहिलं. लिंबाएवढं होतं, रस्त्याकडच्या मातीचं.

मामानं बाकीच्या शेतात यंदा ओळीनं बी पेरलंय आणि मधून चाकाचं यंत्र ढकलतोय. लावणी वाचली, फवारणी वाचली, उभ्यानं होतं. कंबर दुखते पण रडत नाही. तो म्हणतो की हे तुझ्यामुळं नाही, त्याचं त्यालाच सुचलं. तू हो म्हण.

आता मोजणी. थोरला एकतीस. मधला बेचाळीस.

धाकट्याचा डबा मी शेवटी घेतला. चिखल धुतला, चाळणी उन्हात धरली. मामा शेजारी येऊन उभा राहिला, सूनही आली, तिला आता हे बघवतं. सात दोरे होते. त्यातला एक मधोमध तुटला होता, दोन्ही तुकडे वळवळत होते. त्याचे दोन धरावेत असं माझ्या मनात आलं. मामाच्याही आलं असावं, कारण तो म्हणाला, "आई, ते दोन आहेत."

मी म्हटलं, "नाही रे. एकच आहे."

सात लिहिले आणि डब्याचं झाकण लावलं.

तुझी आजी